न थकणारा साथीदार : लेहऱ्यापासून घरगुती ट्रॅकपर्यंत

१/
रात्रीचे साडेनऊ. डोंबिवलीतील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर खिडक्या लावून कोणी गिटार वाजवत बसले आहे. मागे ड्रम आहेत, बास आहे, पियानोही आहे. वाजवणारा मात्र एकच. उरलेला सारा वाद्यवृंद संगणकात आहे आणि तो संध्याकाळी घरीच तयार झाला आहे. ही सोय एका दिवसात आलेली नाही. साथीदार माणसाकडून यंत्राकडे कसा गेला आणि जाताना काय मागे राहिले, त्याचा हा थ्रेड.

२/
आरंभ यंत्राच्या अगदी उलट टोकापासून करावा लागेल. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. या मार्गावरील लोकलमध्ये कित्येक वर्षे भजनी मंडळे गात आली आहेत. टाळ, ढोलकी किंवा मृदंग, आणि वाद्य नसेल तर डब्याचा पत्रा. येथे साथीदार शोधावा लागत नाही. जो डब्यात उभा आहे तो साथीदार. लय डगमगली तर वीस टाळ्या तिला सावरून घेतात.

३/
रियाज मात्र एकट्याचा असतो, आणि एकट्याची अडचण निराळी. गाणाऱ्याला अखंड सूर हवा, त्याला ताल धरणारा हवा. तबला वाजवणाऱ्याला आपण आवर्तनात नेमके कोठे आहोत हे सांगणारे कोणी हवे. मैफलीत ही कामे तानपुरेवाला, तबलजी आणि पेटीवाला करतात. पहाटे पाच वाजता किंवा कचेरीतून परतल्यावर रात्री दहा वाजता यांपैकी कोण येणार? यांत्रिक साथीचा इतिहास म्हणजे या साध्या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेली उत्तरे होत.

४/
जुने उत्तर होते शिष्य. गुरू गायला बसले की मागे तानपुरा घेऊन शिष्य बसे. तानपुरा छेडणे वरवर पाहता यांत्रिक काम: चार तारा, एकच क्रम, तासन्‌तास. पण त्या जागेवरून गुरूचा श्वास ऐकू येई, कोणता स्वर किती लावला हे कळे, चूक झाल्यावर गुरू ती कशी झाकतो हेही दिसे. पगार नव्हता, मोबदला होता तो ऐकण्याचा.

५/
तबल्याच्या बाबतीत हेच काम लेहरा करतो. तबल्याचे एकल वादन चालू असताना पेटी किंवा सारंगीवर एकच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा वाजत राहते. त्रितालाचा लेहरा सोळा मात्रांचा. सुरावट समेवर आली की वादकाला घर दिसते. मग तो आडलयीत जावो, तिहाईचे हिशेब मांडो, चक्रदार बांधो. परत कोठे यायचे हे लेहरा सांगत राहतो.

६/
लेहरा धरणाऱ्याची कसोटी चमत्कारिक असते. तबलजी मुद्दाम लयीच्या विरुद्ध खेळत असताना त्याने हलायचे नाही. आवडलेल्या जागेवर थांबायचे नाही, सुरावट सजवायची नाही, लय तसूभरही चढू द्यायची नाही. म्हणजे चांगल्या लेहरेवाल्याकडून जे मागितले जात होते, ते मुळात यंत्राचेच गुण होते. यंत्र पुढे या जागी इतक्या सहज का बसले, याचे उत्तर येथे आहे.

७/
पण साथीचा दुसराही एक प्रकार आहे, आणि त्याचे दाखले याच पट्ट्यात सापडतात. १९२६ साली स्थापन झालेला कल्याण गायन समाज देवगंधर्व महोत्सव भरवतो. देवगंधर्व म्हणजे भास्करबुवा बखले (१८६९–१९२२), बालगंधर्वांचे गुरू. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते. नाटक कंपनीने असे साथीदार बाळगावेत, यावरूनच त्या काळी साथीला काय मोल होते ते कळते.

८/
एकल वादनात तबल्याचे साम्राज्य उभे करणारे थिरकवा नाट्यपदाच्या मागे साधा ठेका धरत. त्यातील कौशल्य बोलांच्या गर्दीत नव्हते. गायक शब्दावर रेंगाळला की ठेका थोडा सैल सोडायचा, मुखडा जवळ आला की त्याला उचलून समेवर ठेवायचे. हा ठेका वाजत असताना ऐकतही होता.

९/
ही परंपरा ठाण्यापर्यंत आली. कणकवलीत जन्मलेले पं. सुरेश ऊर्फ भाई गायतोंडे (१९३२–२०१९) प्रथम जगन्नाथबुवा पुरोहितांकडे आणि पुढे थिरकवाँकडे शिकले. त्यांचे वास्तव्य ठाण्यात होते. जगन्नाथबुवांचेच दुसरे शिष्य पं. राम मराठे हेही ठाणेकर. त्यांच्या नावाने ठाणे महापालिका संगीत समारोह भरवते. गाणे आणि तबला एकाच गुरूच्या घरात शिकले जात होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

१०/
तेव्हा साथ दोन प्रकारची: धरून ठेवणारी आणि ऐकणारी. तानपुरा, लेहरा व रियाजाचा ठेका पहिल्या प्रकारात मोडतात. ख्यालामागची पेटी आणि नाट्यपदामागचा तबला दुसऱ्या प्रकारात. यंत्राने पहिले काम जवळजवळ पूर्ण ताब्यात घेतले. दुसरे अजून त्याच्या हाती पुरते लागलेले नाही. पुढची सारी कथा या दोहोंमधील सीमारेषेची आहे.

११/
आता जगाकडे वळू. १९३१ मध्ये लेओन थेरेमिन यांनी अमेरिकी संगीतकार हेन्री काउएल यांच्यासाठी ‘रिदमिकॉन’ हे तालयंत्र बनवले. ते प्रयोगापुरतेच राहिले. १९५९ मध्ये वुर्लिट्झर कंपनीचे ‘साइडमन’ बाजारात आले. त्यात एक फिरता पट्टा चकतीवरील संपर्कबिंदूंना स्पर्श करी आणि प्रत्येक स्पर्शाला एक आघात उमटे. चकती म्हणजे आवर्तन, बिंदू म्हणजे मात्रा. कल्पना आपल्याला परकी वाटू नये.

१२/
दुसरा मार्ग ध्वनिमुद्रणाचा. १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये अर्व्हिंग क्रॅटका यांनी ‘म्युझिक मायनस वन’ ही कंपनी काढली. तिच्या तबकड्यांवर संपूर्ण वाद्यमेळ असे, फक्त एक वाद्य गाळलेले. ती रिकामी जागा घरी बसलेल्या विद्यार्थ्याने भरायची. आज आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ‘मायनस ट्रॅक’ हा शब्द याच कल्पनेची आठवण करून देतो.

१३/
कराओकेची जन्मकथा या विषयाच्या गाभ्याशी जाते. जपानमध्ये १९६७ साली शिगेइची नेगिशी यांनी तसे एक यंत्र बनवले होतेच. पण कोबे शहरातील दाइसुके इनोउए हे स्वतः साथीदार होते, हौशी गाणाऱ्यांमागे की-बोर्ड वाजवणारे. एका कंपनीच्या मालकाने त्यांना सहलीला साथीसाठी बोलावले. त्यांना जाणे जमेना, म्हणून त्यांनी साथ टेपवर भरून दिली. त्यातून १९७१ मध्ये नाणे टाकून चालणारे यंत्र उभे राहिले. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही. साथीदारानेच आपला पर्याय घडवला आणि मोबदला जवळपास सोडून दिला.

१४/
जपानमध्येच इकुतारो काकेहाशी यांच्या एस टोन कंपनीने १९६७ मध्ये ‘रिदम एस’ हे तालयंत्र आणले. काकेहाशींनी पुढे १९७२ मध्ये रोलँड कंपनी स्थापन केली. कॅसिओच्या १९८१ च्या ‘एमटी-४०’ या छोट्या की-बोर्डात बटण दाबताच ताल आणि बास दोन्ही सुरू होत. त्यातील ‘रॉक’ हा नमुना हिरोको ओकुदा या नवख्या तरुण कर्मचारी महिलेने रचला होता. १९८५ मध्ये जमैकात त्याच तयार नमुन्यावर ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणे झाले आणि तेथील संगीताची दिशा पालटली. यंत्रातील ‘आयत्या’ साथीमागेही एक माणूस असतो, याची ही खूण.

१५/
भारतातले उत्तर बंगळुरूहून आले. अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी तयार केली. त्यांच्या रॅडेल कंपनीने पुढे इलेक्ट्रॉनिक तानपुरा, तबल्याचे ठेके वाजवणारी ‘तालमाला’ आणि लेहरा वाजवणारी ‘सुनादमाला’ आणली. क्रम पाहावा: सूर, ठेका, लेहरा. धरून ठेवणाऱ्या साथीची तिन्ही अंगे एकामागून एक पेटीत बसली.

१६/
कल्याण-डोंबिवलीसारख्या गावांना हे यंत्र का मानवले असेल, याचा विचार भूगोलाने करावा. मिरजेचा तानपुरा म्हणजे मोठा भोपळा आणि माणसाच्या खांद्याला लागणारी दांडी. सकाळी ८ च्या लोकलमध्ये तो चढवून दाखवावा! दोन खोल्यांच्या घरात त्याला कोपरा मिळणेही कठीण. दिवसाचे तीन-चार तास प्रवासात गेल्यावर साथीदाराची आणि आपली वेळ जुळणे त्याहून कठीण. अशा घरात डब्याएवढी पेटी हाच साथीदार ठरला. तिने कित्येकांचा रियाज वाचवला, हे मान्य करावेच लागेल.

१७/
त्याच सुमारास मुंबईत एक विलक्षण घटना घडली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी एचएमव्हीसाठी केली. साधने तीन, तिन्ही रोलँडची: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बासयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. यांपैकी टीबी-३०३ चा मूळ हेतू लक्षणीय आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी, म्हणून ते बनवले होते.

१८/
तबकडी तेव्हा चालली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोत त्याच टीबी-३०३ मधून ‘ॲसिड हाउस’ हा प्रवाह निघाला. एका डच संग्राहकाच्या हाती चरणजित सिंग यांची तबकडी लागली, २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, आणि जगभरचे श्रोते थक्क झाले: हा नाद मुंबईत पाच वर्षे आधीच निघाला होता. रागाला अखंड षड्ज हवा आणि फिरते आवर्तन हवे. साथयंत्राला नेमके तेवढेच येत होते. दोघांची गाठ पडणे तसे नवल नव्हते.

१९/
१९८३ मध्ये ‘मिडी’ ही यंत्रांची समान भाषा प्रचारात आली. तिच्यात आवाज नसतो. कोणता स्वर, केव्हा, किती जोरात आणि किती वेळ, एवढीच नोंद असते. नोटेशनच ते, पण यंत्राला वाचता येईल असे. त्यामुळे एका कंपनीचा की-बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या तालयंत्राशी बोलू लागला आणि घरचा संगणक त्या दोघांचा मास्तर झाला.

२०/
या पायावर १९९० मध्ये कॅनडातील पीटर गॅनन यांच्या पीजी म्युझिक कंपनीने ‘बँड-इन-अ-बॉक्स’ आणले. वापर सोपा होता: गाण्याचे कॉर्ड ओळीने टाइप करायचे, शैली निवडायची, लय ठरवायची. शैली म्हणजे लहान-लहान नमुन्यांचा साठा. यंत्र प्रत्येक कॉर्डला जुळणारा नमुना निवडते, स्वर हलवून बसवते, कडव्याच्या शेवटी ड्रमची भरणी टाकते. पुढील आवृत्त्यांत खऱ्या वादकांचे ध्वनिमुद्रित तुकडे आले. माणूस यंत्रात परतला, पण तुकड्यातुकड्यांनी.

२१/
भारतीय तालाशी मात्र या पाश्चात्त्य शैलींचे पुरते जमले नाही. चार आणि तीनच्या हिशेबात केरवा व दादरा कसेबसे मावतात. रूपक पाहावा: सात मात्रा, तीन-दोन-दोन असे खंड, आणि समेवरच खाली. जेथे पाश्चात्त्य यंत्र सर्वांत जड आघात देऊ पाहते, तेथे रूपकात डग्ग्याचा घुमारा नसतो. मात्रा मोजणे यंत्राला लगेच जमले. खाली-भरी म्हणजे काय, हे त्याला कोणा जाणकाराने शिकवावे लागले.

२२/
या सोयीची किंमतही चुकवली गेली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात एकेकाळी पन्नास-साठ वादक एकत्र बसून गाणे मुद्रित करत; त्यांत गोव्याचे वादक आणि संयोजक मोठ्या संख्येने होते. सिंथेसायझर आणि संगणक आल्यावर १९९० च्या दशकात ही मोठी ध्वनिमुद्रणे झपाट्याने आटली. व्हायोलिनच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसून घर चालवणाऱ्या वादकाची जागा एका पट्टीने घेतली. रियाजाच्या खोलीत जे वरदान होते, ते स्टुडिओत बेकारी होऊन आले.

२३/
त्यानंतर सारे खिशात आले. प्रसाद उपासनी यांचे ‘आयतबला’ आणि तत्सम ॲप यांनी तानपुरा, ठेका व लेहरा फोनवर आणून ठेवले. काळी दोन असो की पांढरी चार, बोट फिरवले की पट्टी बदलते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत कराओकेवर गाणाऱ्यांचे गट उभे राहिले. निवृत्तीनंतर प्रथमच माइक हाती धरणारे त्यांत पुष्कळ. ज्यांना आयुष्यभर साथीदार परवडला नाही, त्यांना रंगमंचापर्यंत नेण्याचे श्रेय या ट्रॅकला द्यायलाच हवे.

२४/
पण विकत घेतलेला ट्रॅक आणि घरी केलेला ट्रॅक यांत मोठा फरक आहे. समजा, दादऱ्यातले एक भावगीत घेतले. प्रथम पट्टी ठरवावी लागते: आपला आवाज कोठवर जातो? मग सहा मात्रांत ओळ कोठे सुरू होते ते शोधावे लागते. पुष्कळ गाणी समेच्या आधीच उठतात. मग प्रत्येक ओळीखाली कॉर्ड. कोमल निषाद आला की तेथे नेहमीचा कॉर्ड खुपतो. अंतऱ्याआधी किती आवर्तने मोकळी सोडायची? हे सारे ठरवल्याशिवाय यंत्र एक ठोकाही देत नाही.

२५/
म्हणजे ट्रॅक तयार होईतो करणाऱ्याने ते गाणे चाळीसदा ऐकलेले असते. मूळ ध्वनिमुद्रणात बासरी कोठे थांबते, तबलजी कोणत्या शब्दानंतर लग्गी सुरू करतो, पेटीवाला गायिकेच्या मागे किती अंतर ठेवून चालतो, हे त्याच्या कानांत बसलेले असते. तानपुरा घेऊन गुरूमागे बसलेल्या शिष्याचे काम याहून फार निराळे नव्हते. यंत्राने शिष्याची ती जागा काढून घेतली खरी. स्वतः ट्रॅक करणारा तिचा थोडा भाग परत मिळवतो.

२६/
थोडाच, कारण उरलेला भाग पहिल्या जॅमिंगलाच उघडा पडतो. ट्रॅकवर सराव केलेला गायक एका शब्दावर क्षणभर अधिक थांबतो आणि सम निघून जाते. यंत्र रागावत नाही, सावरतही नाही. खऱ्या तबलजीसमोर हाच गायक पहिल्यांदा बसतो तेव्हा उलट गंमत होते: तो थांबला म्हणून ठेका थांबून घेतो, आणि गायकच दचकतो. आपल्याला कोणी ऐकत आहे, याची त्याला सवयच नसते.

२७/
म्हणून जुन्या पद्धतीतील एक शहाणपण टिकवण्याजोगे आहे. लेहऱ्याचा उपयोग हिशेब पक्का करण्यासाठी होता. हिशेब पक्का झाला की वादकाला मैफलीत, माणसांत जायचे असे. धरून ठेवणारी साथ ही ऐकणाऱ्या साथीकडे नेणारी पायरी होती. पायरीवरच घर बांधले की रियाज निर्दोष होतो आणि गाणे एकटे पडते.

२८/
डोंबिवलीच्या त्या खोलीत आता साडेदहा वाजले आहेत. शेजाऱ्यांसाठी आवाज कमी झाला आहे. संगणकातील ड्रमवाला दमलेला नाही. बत्तिसाव्या फेरीलाही त्याची लय पहिल्या फेरीइतकीच अचूक आहे. उद्या सकाळी लोकलच्या डब्यात टाळ वाजू लागतील. तेथील लय दिव्याला थोडी चढेल, ठाण्याच्या गर्दीत थोडी अडखळेल, आणि कोणीतरी मान हलवून तिला जागेवर आणील.